तेराशेची पगारवाढ आणि बंद पडलेलं ईएसआय

वाचकाचं पत्र

काका, सादर नमस्कार.

आम्ही नाशिकला सातपूरला राहतो. एकत्र कुटुंब आहे. आमचे हे अंबडच्या एका कारखान्यात नऊ वर्षं सीएनसी मशीनवर आहेत. पगार २०,४०० होता, जानेवारीपासून २१,७०० झाला. घरात पेढे आणले आणि स्लिप बघितली तर ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपातच नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, "एकवीसच्या वर गेलात, आता मेडिक्लेम काढा." कंपनी दोन लाखांचा ग्रुप विमा देणार म्हणते, पण त्यात सासू-सासरे नाहीत. ह्यांना चार वर्षांपासून शुगर आहे.

मी अंगणवाडीत मदतनीस आहे. धाकटे दीर जेवणाची पार्सलं पोचवतात. त्यांना ॲपवाल्यांचा विमा आहे म्हणतात, पण कसला ते त्यांनाही माहीत नाही. सासरे ७२ वर्षांचे, जन्मभर मार्केट यार्डात हमाली केली. सासूबाई ६८. मोठे दीर पुण्याला आयटीत आहेत, त्यांच्याकडे पाच लाखांचं कार्ड. दिवाळीत जाऊबाईंचं ऑपरेशन झालं, एसी खोली, खिशातून रुपया गेला नाही. आम्ही मात्र ईएसआयच्या रांगेत नंबर लावून बसायचं, आणि आता तेही गेलं. एकाच आईची तीन मुलं, मग आजारपणात एवढा फरक का? ह्यांचे मित्र म्हणतात, साहेबांना सांगून पगार कागदावर एकवीसच्या आतच ठेवून घे. तसं करावं का?

— एक वाचक, सातपूर

उत्तर

ताई,

पेढे आणलेत ते बरोबरच केलंत. आता ती स्लिप पुन्हा हातात घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यावरच आहे.

एकवीस हजारांची मर्यादा खरी आहे, जानेवारी २०१७ पासून तीच आहे. पण ती ओलांडली की त्याच महिन्यात ईएसआय बंद, असं नसतं. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तुकड्याच्या सुरुवातीला माणूस मर्यादेत होता आणि पगार मधेच वाढला, तर तो तुकडा संपेपर्यंत तो विमाधारकच राहतो आणि वाढलेल्या पूर्ण पगारावर कपात होते. म्हणजे तुमच्या यजमानांची कपात ३१ मार्चपर्यंत व्हायलाच हवी. २१,७०० वर पाऊण टक्का म्हणजे त्यांचे १६३ रुपये, आणि सव्वातीन टक्के कंपनीचे, म्हणजे साधारण सातशे पाच.

मी एकतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात, हजेरी-पगाराच्या टेबलावर बसलो आहे, त्यामुळे हे कसं होतं ते डोळ्यांपुढे दिसतं. नवा पगार टाकला, सॉफ्टवेअरने कपात उडवली, कारकुनाने पुढचं नाव घेतलं. बहुतेकदा त्यात लबाडी नसते, कंटाळा असतो. पण ईएसआयच्या पोर्टलवर माणसाला मर्यादेबाहेर दाखवायचं कारण एप्रिल किंवा ऑक्टोबरच्या भरण्यातच वापरायचं असतं, जानेवारीत नाही. यजमानांना हेच एक वाक्य घेऊन ऑफिसात जाऊ द्या. भांडायला नको, "साहेब, मार्चअखेरपर्यंत कपात चालू राहते ना?" एवढं पुरे. तरी हललं नाही तर ईएसआयचं शाखा कार्यालय आहेच. तिथे तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

आता यातला खरा फायदा ऐका. ऑक्टोबर ते मार्च या तुकड्यात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर तिचे उपचाराचे हक्क पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतात. मधल्या एप्रिल ते जूनची सोय त्याआधीच्या तुकड्याने करून ठेवलेली असते. म्हणजे कपात मार्चअखेर थांबली तरी तुमच्या घरचे उपचार ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहायला हवेत. तुम्ही समजताय ईएसआय गेलं. ते जायला अजून बरेच महिने आहेत, आणि हेच महिने तुम्हाला वापरायचे आहेत.

आणखी एक. २१,७०० मध्ये ओव्हरटाइम धरलाय का? सीएनसीवरच्या माणसाचा असतोच. मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. तो वजा करून आकडा एकवीसच्या आत आला तर ईएसआय एप्रिलनंतरही चालूच राहील आणि हे सगळं उत्तर तुम्ही बाजूला ठेवू शकता. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात 'वेतन' कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली आहे. घरभाडं, वाहन असले भत्ते एका मर्यादेपर्यंत वेतनाबाहेर राहतात. तुमच्या स्लिपवर भत्ते जास्त असतील तर शाखा कार्यालयात स्लिप दाखवून स्पष्ट विचारा, "नव्या व्याख्येने हे मर्यादेत बसतात का?" कारखान्याच्या ऑफिसवर यात विसंबू नका. या नव्या गोष्टी त्यांच्याकडे उशिरा पोचतात.

आता तुमच्या मनातल्या सलाकडे येतो. जाऊबाईंचं कार्ड आणि तुमची रांग.

रांग खरी आहे. दवाखान्यात गोळी नसली की बाहेरून आणावी लागते, एका तपासणीसाठी दोन दिवसांचा खाडा होतो, हेही खरं. मी ईएसआयची वकिली करायला बसलेलो नाही. पण तुम्ही ज्याला हलकं कार्ड समजता ते कागदावर तुमच्या मोठ्या दिरांच्या कार्डापेक्षा जाड आहे.

आमच्याकडे पॉवर प्रेसवर एक जण होता, त्याला टीबी झाला. वर्षभराच्या वर घरी बसला. त्याची बायको दर महिन्याला ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन यायची आणि माझ्या टेबलावर ठेवायची. कोपऱ्यावर हळदीचा डाग ठरलेला. त्या सर्टिफिकेटवर त्याला ईएसआयकडून पैसे मिळत राहिले. आज साध्या आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. टीबी, कॅन्सर अशा ठरावीक ३४ आजारांत, नोकरी आणि वर्गणी पुरेशी जुनी असेल तर, ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. त्याच सुमारास आमच्या एका ऑफिसरला पाठीचं मोठं दुखणं निघालं. मेडिक्लेम भारी होता, हॉस्पिटलचं बिल पूर्ण भरलं गेलं. मग रजा संपली आणि पाच महिने बिनपगारी. त्यांनी सोसायटीतून कर्ज काढलं तेव्हा फॉर्म मीच भरला. आजारपणाची बिलं दोन असतात, एक हॉस्पिटलचं आणि दुसरं वाण्याचं. मेडिक्लेम पहिलंच भरतो. ईएसआयमध्ये दोन्ही बसतात, वर सासू-सासरे अवलंबून असतील तर तेही, आणि उपचाराच्या खर्चाला वरची रेघ नाही. हे सगळं तुमचे यजमान महिना १५३ रुपयांत घेत होते.

मोठ्या दिरांचा विमा वाईट नाही. ग्रुप विम्यात जुना आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात, ही मोठी गोष्ट. पण तो विमा त्यांचा नाही, त्यांच्या खुर्चीचा आहे. खुर्ची गेली की शेवटच्या दिवशी कार्ड बंद. पुण्यातल्या आयटीवाल्यांना हे आता सांगावं लागत नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलाल तेव्हा एवढं सांगा की नोकरी सुटण्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करता येतो आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमध्ये, म्हणजे जुन्या आजाराचा खर्च मिळण्याआधी थांबायच्या मुदतीत, धरतात. घ्यायचं की नाही, प्रीमियम किती, हे विमा कंपनी ठरवते, म्हणून हे पन्नाशीच्या उंबऱ्यापर्यंत लांबवू नये.

एकाच आईची तीन मुलं आणि एवढा फरक का, असं विचारलंत. कारण आपल्याकडे विमा माणसाला दिलेला नाही, नोकरीला दिलेला आहे. १९४४ साली प्रा. बी. पी. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. तो कापड, इंजिनिअरिंग, खनिज-धातू अशा कारखान्यांतल्या कामगारांसाठी होता. त्यावरून १९४८ चा कायदा आला आणि १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. ज्याचं नाव हजेरीपटावर आहे आणि ज्याच्या पगारातून कापता येतं त्याच्यासाठी ती बेतलेली होती. शेतमजूर, ऊसतोड्या, बिगारी, मोलकरीण यांचा हजेरीपट कुठे आणायचा? मग एकेका धंद्याला एकेक ठिगळ लागत गेलं. तुमच्या सासऱ्यांसारख्या हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आणि मालकांनी मंडळाकडे भरायची लेव्ही. बांधकामावरच्यांसाठी १९९६ चा कायदा, एक टक्का उपकर आणि कल्याणकारी मंडळ, तेही आधी ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल तर. राज्य सरकारच्या नोकराला खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, पण आधी स्वतःच्या खिशातून भरायचं आणि मग बिलाच्या फायलीमागे फिरायचं. झेडपीतल्या कुठल्याही गुरुजींना विचारा. आणि चार माणसांच्या दुकानात काम करणारा पोरगा यांतल्या कुठल्याच ठिगळाखाली येत नाही.

तर तुमच्या घरात कुठली ठिगळं पडून आहेत ते बघू.

पहिलं तुमचंच. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना आयुष्मान भारत या केंद्राच्या मोफत उपचारांच्या योजनेत घेतलं. कुटुंबाला वर्षाला पाच लाख, माणसं किती आणि वय काय याची अट नाही, जुना आजार पहिल्या दिवसापासून. तुम्ही पत्रात याचा उल्लेखही केलेला नाही, म्हणजे कार्ड काढलेलं नसणार, किंवा काढून डब्यात ठेवलं असणार. सुपरवायझर मॅडमना विचारा, यादीत नाव आहे का. नसेल तर १४५५५ वर फोन करा.

दुसरं, रेशनकार्ड. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली आहे, तीही पाच लाखांपर्यंत. ही आणि आयुष्मान एकत्रच चालवतात, म्हणून पाच आणि पाच दहा असा हिशेब करू नका. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. सासूबाईंना भरवसा आज याच योजनेचा. अट एकच, पण मोठी. उपचार यादीतला हवा आणि हॉस्पिटल योजनेतलं हवं. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सर यांना ही योजना हुकमी कामाला येते. तापाच्या ओपीडीला आणि महिन्याच्या शुगरच्या गोळ्यांना येत नाही. नाशिकमधली कुठली हॉस्पिटलं यादीत आहेत हे घरी कोणी आजारी नसतानाच बघून ठेवा. रात्री दोन वाजता रिक्षात बसून ते शोधता येत नाही.

तिसरं सासऱ्यांचं. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वेगळं वय वंदना कार्ड मिळतं. घरात आधीच आयुष्मान असेल तरी ज्येष्ठांचे पाच लाख वेगळे. ईएसआय किंवा खासगी विमा असलेल्यालाही ते घेता येतं. दोन वर्षं झाली त्यांना सत्तरी ओलांडून, आणि पत्रात या कार्डाचा उल्लेखही नाही!

धाकट्या दिरांची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. पार्सलवाल्यांना जे 'इन्शुरन्स आहे' म्हणून सांगतात तो बहुतेक ठिकाणी अपघात विमा असतो, तोही ॲप चालू असताना, ऑर्डरवर असतानाचा. गंगापूर रोडवर गाडी घसरली तर तो कामाचा. काविळीने तीन आठवडे झोपले तर त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि त्या तीन आठवड्यांची कमाईही शून्य. त्यांना ॲपमधला विम्याचा पानोपानी मजकूर वाचायला लावा. आजारपणाचा आकडा आहे का, कुटुंब आहे का, महिन्यात अमुक ऑर्डर केल्या तरच, अशी अट आहे का. नव्या संहितेत अशा कामगारांची पहिल्यांदा कायद्यात दखल घेतली आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. त्याचं घरपोच काय येईल ते येईल. आज करायचं काम म्हणजे ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर 'प्लॅटफॉर्म वर्कर' म्हणून नोंद. २०२५ च्या अर्थसंकल्पात अशा नोंद झालेल्यांना आयुष्मान द्यायचं जाहीर झालं आहे. मात्र ई-श्रमचं कार्ड म्हणजेच आरोग्य विमा, असा एक गैरसमज सगळीकडे फिरतो. ती फक्त नोंद आहे. ते कार्ड हॉस्पिटलच्या काउंटरवर ठेवून उपयोग नाही.

आता मेडिक्लेम. कंपनीचा दोन लाखांचा ग्रुप विमा मिळत असेल तर घ्या, शुगर पहिल्या दिवसापासून धरली आहे का ते लेखी विचारून. पण त्यावर थांबू नका, कारण तीही खुर्चीच. तुम्ही दोघं आणि मुलं असतील तर ती, यांची एक स्वतःची फॅमिली पॉलिसी काढा, पाच लाखांची पुरे. सासू-सासऱ्यांना तीत घालू नका. प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर चढतो, आणि त्यांची सोय वर झालेली आहे. काढायची ती आत्ता, डिसेंबरात नाही. जुन्या आजाराला वेटिंग पिरियड असतो. तो पूर्वी चार वर्षांपर्यंत होता, आता तीनच्या वर ठेवता येत नाही. हे घड्याळ आज सुरू केलंत तर पहिले जवळजवळ दहा महिने ईएसआयच्या छत्राखाली जातील. शुगरचे उपचार तिकडे, वेटिंग इकडे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे.

आणि शुगर फॉर्मवर लिहा. एजंट म्हणेल, "काका, कशाला लिहिता, प्रीमियम वाढेल." मला म्हणाला होता. आमच्या हिच्या बीपीच्या रकान्यात त्याने 'नाही' लिहिलं, मी चहा पीत सही केली. दोन वर्षांनी हिला ॲडमिट केलं, डॉक्टरांनी केसपेपरवर 'पाच वर्षांपासून बीपी' असं लिहिलं आणि क्लेम उडाला. अक्षर एजंटाचं, सही माझी. कोणाकडे बोट दाखवणार? तेव्हापासून मी फॉर्म स्वतः भरतो आणि पाठवण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढतो. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण त्या भरवशावर खोटं लिहू नये. पाच वर्षं कोणी पाहिलीत?

राहिला मित्राचा सल्ला. पगार कागदावर एकवीसच्या आत ठेवा, वरचे पैसे पाकिटात घ्या. ताई, मला राग मित्राचा येत नाही. हिशेब केला तर त्याचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नाही. वाढ महिना तेराशे, वर्षाचे १५,६००. त्यातून प्रीमियम भरला, सासूबाईंच्या औषधाचे पैसे घातले, की वाढीचे पेढेच उरतात. एकवीस हजारांना सगळं आणि एकवीस हजार एक रुपयाला काहीच नाही, हा उंबरठाच चुकीचा आहे. पूर्वीच्या १५,००० च्या मर्यादेतही मी हेच बघितलं. माणसं वाढ नको म्हणून अर्ज घेऊन यायची. पण पाकिटातला पगार पीएफमध्ये दिसत नाही, ग्रॅच्युइटीत दिसत नाही, घराचं कर्ज मागायला गेलात तर बँकेला दिसत नाही, आणि उद्या साहेब बदलला तर कोणालाच दिसत नाही. यजमानांची नऊ वर्षं झालीत, अजून वीस राहिलीत. वाढ कागदावरच घ्या.

या आठवड्यात यजमानांनी डिसेंबर आणि जानेवारी, दोन्ही स्लिपा घेऊन ऑफिसात जावं. डिसेंबरच्या स्लिपवर कपात आहे आणि जानेवारीच्या नाही, एवढं शेजारी ठेवून दाखवलं की बोलणं लवकर संपतं. जानेवारीचा भरणा १५ फेब्रुवारीपर्यंत करायचा असतो. तारीख उलटून गेली असेल तरी वर्गणी मागाहून भरता येते, दंड-व्याज कंपनीचं.

आणि सासऱ्यांचं आधार कार्ड आज संध्याकाळीच काढून बघा. वय वंदनाला वय आधारवरचंच धरतात. त्या पिढीतल्या हमाली करणाऱ्यांच्या आधारवर जन्मतारीख बऱ्याचदा १ जानेवारी किंवा १ जून, आणि साल कॅम्पमधल्या पोराने तोंडाकडे बघून टाकलेलं. माझ्या ओळखीत एक आजोबा घरात पंच्याहत्तरीचे आणि आधारवर पासष्टचे आहेत. सासऱ्यांचं तसं निघालं तर कार्डाआधी आधारची दुरुस्ती, आणि तिला शाळेचा दाखला नसेल तर दुसरा कोणता पुरावा चालेल ते आधार केंद्रावर विचारून या.

तुमचा,
काका